मशीनमधली कौसल्या

शेजारच्या ब्लॉकमध्ये नव्याने राहायला आलेल्या बाईंनी परवा विचारलं, "काकू, तुम्ही नोकरी कुठे करत होत्या?"

"लोकांच्या घरी जाऊन चौकशा करत होते," मी म्हटलं.

त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करते. थट्टा कसली? चांगला सरकारी पगार घेऊन मी उभं आयुष्य लोकांना विचारत आले, की खोकला कसा आहे, झोप लागते का, भाकरी गोड लागते का, दुखणं आलं तेव्हा घरात कोण काय म्हणालं. आणि एकदा विचारून सुटका नाही. त्याच घरी, त्याच माणसाला, दरवर्षी. आमचे हे म्हणायचे, "एवढ्या वेळा तू मला कधी विचारलं नाहीस." खरंच नाही विचारलं. घरी आल्यावर मला कोणाचं काही ऐकवतच नसे.

नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला, धोबीघाटाकडे तोंड करून आमचं खातं होतं. साल सत्तरच्या आसपासचं. आमचे डॉक्टरसाहेब सडपातळ, तापट, बोलताना पेनाने टेबल वाजवायची सवय. त्यांचं म्हणणं असं, की दवाखान्यातला डॉक्टर माणसाला एक दिवस पाहतो आणि औषध लिहितो. पण दुखणं काही एका दिवसाचं नसतं. ते घरात राहतं, शेतात जातं, लग्नाकार्यात अडचण करतं. तेव्हा ज्याचं दुखणं त्याच्याच तोंडून ते वर्षानुवर्षं ऐकलं पाहिजे. आज हे कोणाला नवीन वाटणार नाही. तेव्हा दवाखान्यातले इतर डॉक्टर आम्हाला "गप्पा खातं" म्हणायचे. आमच्यासमोर म्हणायचे, लाजसुद्धा नव्हती मेल्यांना.

आमची हत्यारं तीन. पहिलं म्हणजे चिंचोके. खेड्यात साल विचारलं तर कोणी सांगत नाही, म्हणून अंगणात चिंचोके ओळीने मांडायचे. एक चिंचोका एका सालाचा. हे पोराच्या जन्माचं, हे धान बुडालं ते, हे बैल विकला ते. ज्या साली घरात मोठं दुखणं आलं त्या सालावर काळा खडा ठेवायचा. दुसरं, कागदावर काढलेला माणसाचा आकार. दुखतं तिथे बोट ठेवा म्हणायचं. रामटेककडच्या एका म्हातारीने बोट आकाराच्या बाहेर, कोऱ्या कागदावर ठेवलं. म्हटलं, "आजी, इथे तर अंगच नाही." म्हणाली, "थे माही सून बसते तिथं."

आणि तिसरं हत्यार टेपरेकॉर्डर. फितीची दोन चाकं, पोटात टॉर्चचे सेल, आणि उचलताना खांदा निखळेल असं वजन. माणूस बोलला की ते फितीवर घ्यायचं आणि पुढल्या वर्षी गेल्यावर आधी त्याला त्याचंच बोलणं ऐकवायचं. आधी सगळ्यात पहिली फीत, मग मागल्या वर्षीची, आणि त्यानंतर आपण तोंड उघडायचं. साहेबांचा हा कडक नियम होता. आधी आपण बोललो तर माणूस आपलं तोंड पाहून उत्तर देतो, आधी स्वतःचा आवाज ऐकला तर स्वतःशी इमान राखून बोलतो, असं ते म्हणायचे. दुसरा नियम, एका माणसाबद्दल दुसऱ्याला विचारायचं नाही. शेजाऱ्याला नाही, सासूला नाही. ज्याचं दुखणं त्याचीच साक्ष. हे दोन नियम साहेबांनी आमच्याकडून पाढ्यासारखे घोकून घेतले होते.

आणि काय सांगू, स्वतःचा आवाज ऐकून माणसं अशी दचकायची! इतवारीतल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याचं घर आमच्याकडे होतं. दम्याचा माणूस. त्याला त्याची फीत ऐकवली तर तो गादीवरून उठून उभाच राहिला. "हा कोन बोलून राहिला? मी असा घोगरा बोलत नाही." बायको म्हणाली, "असेच बोलता जी." तर तिच्यावर खेकसला. पुढल्या वर्षी मला पाहून तो तांब्याच्या मोठ्या गुंड-घागरींमागे जाऊन बसला आणि नोकराला सांगितलं, शेठ रामटेकला गेले म्हणा. गुंडांमागून दम्याची शिटी ऐकू येत होती. कोणी फीत ऐकून हसायचं, कोणी रडायचं. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते मला समोर दिसत असून दिसलं नाही.

कुहीच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांतून जीप घालत जावं लागायचं असं एक गाव. त्या गावात कौसल्या नावाची बाई आमच्या यादीत होती. तिची पहिली मुलाखत माझ्या आधीच्या वसुधाताईंनी घेतलेली. बाईला टीबी. दवाखान्यात तिच्या छातीचा फोटो काढला होता, त्यात हा एवढा डाग. फितीवर ती दोन शब्द बोलली की खोकायची. मग वसुधाताईंचं लग्न झालं, त्या जबलपूरला गेल्या, जीप मोडून पडली, आणि एक अख्खी फेरी चुकली. त्यानंतर मी लागले आणि कौसल्याबाईचं घर माझ्याकडे आलं.

मी पहिल्यांदा गेले तो दिवस मला लख्ख आठवतो. धान घरात आलेलं, अंगणात तणसाचा ढीग. घर आमच्यातलंच निघालं. जयभीम झाला, म्हातारी सासू म्हणाली, "बसा जी बाई." छपरीत एक तरुण बाई लहान पोरीला मांडीवर घेऊन तिचे केस विंचरत होती. घरात दुसरी तरुण बाई नव्हती. मी नियमाप्रमाणे पुढे एक शब्द न बोलता मशीन खाली ठेवलं, फीत चढवली आणि बटण दाबलं.

कौसल्येचा आवाज निघाला. "रातभर झोप नाही जी. खोकला आला का बसून राहतो..."

म्हातारीच्या हातातला पाण्याचा लोटा खाली पडला. बाहेर बैल बांधणारा नवरा, तुळशीराम, दारात येऊन खांबाला धरून उभा राहिला. ती मांडीवर पोर घेतलेली बाई पांढरीफटक पडली. मी मनात म्हटलं, चला, इथेही तोच तमाशा. फीत चालू राहिली. शेवटी शेवटी त्यात तान्हं मूल रडायला लागतं, आणि कौसल्या बोलता बोलता थांबून त्याला हाक देते, "थांब वं पुष्पे, आलीच मी!" मग पावलांचा आवाज, आणि नुसती खरखर.

मांडीवरच्या पोरीने आपलं नाव ऐकलं. तिने मशीनकडे पाहिलं, मग त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुदकन हसली.

मी विचारलं, "कौसल्याबाई, मागे तुम्ही म्हणालात झोप लागत नाही. आता लागते का?"

ती बाई पोरीकडे बघत राहिली. सासू लोटा उचलायला वाकली. नवऱ्याने मान वळवली. मग ती म्हणाली, "हाव."

"खोकला?"

"नाई आता."

झालं. मी आनंदाने लिहून घेतलं.

त्यानंतर मी दरवर्षी त्या घरी जात राहिले. पुष्पा मोठी होत गेली, फ्रॉक घालून जीपमागे धावायला लागली. मी आले की अर्धं गाव कुडापाशी जमायचं. पहिली फीत लागली की पुरुष डोक्यावरच्या टोप्या काढून हातात घ्यायचे, बाया पदर तोंडाला लावायच्या. मला वाटायचं, काय या अडाणी लोकांना मशीनचं कौतुक! पुष्पाला तर ती फीत पाठच होती. "थांब वं पुष्पे" आलं की ती मशीनच्या आधी ओरडायची, "आलीच मी!" आणि टाळ्या पिटायची. मी कधी घाईत असले आणि म्हटलं, या वेळी पहिली फीत राहू द्या, तर कौसल्याबाई माझा हात धरायची. "नाई जी बाई, पहिलेची लावा. मंग विचारा काय विचाराचं थे."

एकदा चिंचोके मांडले तर तिने एका सालावर दोन काळे खडे ठेवले. म्हटलं, "दोन का?" म्हणाली, "लय वाईट साल होतं जी." मी दुसरा खडा उचलून बाजूला ठेवला, कारण एका सालाला एकच खडा असा आमचा हिशेब. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तो खडा पुन्हा जागेवर ठेवला.

बाई मात्र ठणठणीत झाली होती. धान कापायची, डोक्यावर भारे वाहायची. इकडे डॉक्टरसाहेब हरखून गेले. एवढा मोठा डाग असलेली बाई, खेड्यात राहून, अशी सुधारते, आणि आपल्याकडे तिच्या स्वतःच्या तोंडची वर्षावर्षाची हकीगत! त्यांचं तर तिच्या एका वाक्यावर प्रेमच बसलं होतं. मी विचारलं होतं, "तेव्हाच्या तुमच्यात आणि आताच्या तुमच्यात फरक काय?" ती म्हणाली होती, "तवाची बाई येगळी होती जी. मी येगळी आहो." साहेब हे वाक्य प्रत्येक बैठकीत पेन वाजवून म्हणून दाखवायचे. रोगी स्वतःला कसा नव्याने घडवतो बघा, म्हणायचे. मीही मान डोलवायची.

मग दिल्लीहून पाहुणे डॉक्टर यायचे ठरले. साहेबांनी फर्मान काढलं, कौसल्याबाईला नागपूरला आणा, छातीचा नवा फोटो काढू आणि जुना-नवा शेजारी शेजारी लावून दाखवू. मी जाऊन सांगितलं तर ती नको नको म्हणाली. मी म्हटलं, "अहो, दवाखान्यातले लोक तुमचं नाव काढतात. पुष्पालाही आणा, शहर बघेल." पुष्पाने उडीच मारली. पोरीने हट्ट धरला म्हणून ती आली. नवं लुगडं, पायात नव्या चपला.

फोटो काढला. प्लेट धुऊन आली. खोलीत पाहुणे, साहेब, मी, आणि दाराशी कौसल्याबाई पुष्पाचा हात घट्ट धरून उभी. उजेडाच्या पेटीवर जुनी प्लेट लावली, शेजारी नवी. आमचे क्ष-किरणवाले डॉक्टर निवृत्तीला आलेले, गाय बसल्यासारखे शांत. त्यांनी एक प्लेट पाहिली, दुसरी पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली.

"प्लेट बदलली असेल," साहेब म्हणाले. "पुन्हा काढा."

पुन्हा काढली. पाहुणे घड्याळ बघायला लागले. दुसरी प्लेटही तशीच, स्वच्छ.

"साहेब," क्ष-किरणवाले म्हणाले, "टीबी बरा होतो. पण बिऱ्हाड सोडताना भिंतीवर खुणा ठेवून जातो. या भिंतीवर कधी खिळासुद्धा ठोकलेला नाही. ही बाई ती नव्हे."

मी भिंतीला टेकले. साहेब एकदम वळून ओरडले, "मग ही कोण? कौसल्या कुठे आहे?"

दाराशी उभी असलेली ती बाई म्हणाली, "मेली जी. ताई मेली. मी गिरजा. तिची लहान बहीन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकते आहे. इतकी वर्षं ज्या बाईला मी नावाने हाक मारली, जिच्या हातचा चहा प्यायले, ती म्हणते मी ती नाही! आणि या सगळ्या गोंधळात पुष्पाचा आवाज आला, अगदी बारीक.

"मंग मशीनमधली कोन वं?"

गिरजा खाली बसली. "थे तुही माय," ती म्हणाली.

पोरीने तिच्या हातातला आपला हात सोडवून घेतला.

पाहुणे सभ्य माणसं. चहा घेऊ म्हणत निघून गेले. साहेब खुर्चीत बसले आणि समोरच्या रिकाम्या भिंतीला म्हणाले, "इतकी वर्षं आपण एका मेलेल्या बाईला विचारतो आहोत, की भूक लागते का?"

दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली गिरजाने मला सगळं सांगितलं. पुष्पा दूर, पंपाच्या कट्ट्यावर आमच्याकडे पाठ करून बसली होती. वसुधाताई येऊन गेल्यावर काही महिन्यांतच कौसल्या गेली. पोर रांगतं होतं. ते कोण सांभाळणार म्हणून त्याच हिवाळ्यात गिरजाला त्या घरात दिली. पोरगी तिलाच माय म्हणायला लागली. सासूने गावभर सांगून ठेवलं, पोरीला समज आल्यावर सांगू, तोवर कोणी बोलायचं नाही.

"मंग तुमी आल्या जी," गिरजा म्हणाली. "ना नाव विचारलं, ना गाव. बसल्या अन् मशीन लावलं. ताईचा आवाज आला. मले वाटलं माहा जीव चालला. पोट्टीनं मशीन पाहिलं, मंग माह्याकडे पाहून हासली. तिले वाटलं मीच बोलून राहिली. अन् तुमी म्हनलं, कौसल्याबाई. नाई कशी म्हनू? नाई म्हनलं असतं तं तुमी तिचं नाव काटलं असतं, मशीन उचलून चालल्या असत्या. मंग ताई कुठं आयकाले भेटली असती आमाले?"

"पण गावात कोणीच मला कसं सांगितलं नाही?"

"तुमी कोनाले विचारलं?"

कुडापाशी टोप्या काढून उभी राहिलेली माणसं डोळ्यांसमोर आली. मशीनचं कौतुक कसलं, ती तर मेलेल्या माणसापुढे उभी राहायची. दरवर्षी. आणि मधोमध बसून मी विचारत होते, खोकला कसा आहे. मला तिथल्या तिथे इतकी शरम वाटली, इतका राग आला, कोणाचा ते कळेना. नियम करणाऱ्याचा की नियम पाळणारीचा.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी हुकूम दिला. ते घर यादीतून काढा, फिती पुसून दुसऱ्या घराला वापरा. फिती तेव्हा सहज मिळत नसत, जुन्या पुसूनच चालवायच्या. हे काम स्टोअरच्या वानखडेंकडे. साहेबांचा चेहरा बघून बोलायची हिंमतच झाली नाही.

पुढल्या आठवड्यात तुळशीराम दवाखान्यात आला. हा माणूस इतक्या वर्षांत माझ्याशी दोन वाक्यं बोलला नसेल. टोपी चुरगाळत उभा राहिला.

"बाई, पोट्टी बोलत नाई घरात. गिरजाच्या हातचं खात नाई. तिच्या कुशीत निजे, आता म्हातारीजवळ निजते. गिरजा माय म्हनून हाक आयकाले तरसून राहिली जी. रडत बी नाई, नुसती कामं करते. पोट्टी एकच म्हनते, मले मशीन आयकवा."

मी त्याला तिथेच बसवून स्टोअरकडे धावले. वानखडे टेबलावर मशीन मांडून बसले होते, शेजारी उघडे डबे. एका डब्यावर माझ्याच अक्षरात कौसल्येचं नाव. मी त्यातली फीत चढवली आणि बटण दाबलं.

"हॅलो, हॅलो. वन, टू, थ्री. आवाज येऊन राहिला का?"

वानखडेंचा आवाज! माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. ते बिचारे घाबरून उठले. "काहून जी मेश्रामबाई? साहेबांनीच तं सांगितलं." मी डबे उलटेपालटे केले. त्यांनी अलीकडच्या फितींपासून सुरुवात केली होती. गिरजाच्या सगळ्या गेल्या, एकही उरली नाही. सगळ्यात तळाशी वसुधाताईंच्या अक्षरातला डबा. तो अजून दोऱ्याने बांधलेला होता. मी तो छातीशी धरून तशीच साहेबांच्या खोलीत गेले, दार न वाजवता.

"साहेब, ही फीत मी पुसू देणार नाही."

त्यांनी वर पाहिलं. मी तुळशीरामचं बोलणं एका दमात सांगितलं. त्यांचं पेन टेबलावर वाजत होतं, ते थांबलं.

"जीप काढायला सांगा," ते म्हणाले. "मीही येतो."

कुही मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "मेश्रामबाई, तुम्हाला एकदाही शंका आली नाही?"

"शेजाऱ्याला विचारायचं नाही हा नियम तुमचा होता, साहेब."

"आणि आधी फीत हासुद्धा," ते म्हणाले.

घरी पोचलो तर कुडापाशी नेहमीसारखी माणसं जमायला लागली. आमच्याबरोबर जीपमधून आलेल्या तुळशीरामने सगळ्यांना घरी पाठवलं. म्हातारी छपरीत भिंतीशी बसलेली. गिरजा आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ना आत ना बाहेर. आठवड्यात बाई निम्मी झाली होती. साहेब तिच्याजवळ गेले. मला वाटलं आता ओरडतात की काय. ते एवढंच म्हणाले, "ही फीत आता तुमची. आमच्या काही कामाची नाही. ऐकायची असेल तेव्हा निरोप द्या, बाई मशीन घेऊन येतील." आणि अंगणातल्या बाजेवर जाऊन बसले.

पुष्पा मशीनसमोर येऊन बसली. केस विंचरलेले नव्हते. मी फीत चढवली.

"रातभर झोप नाही जी. खोकला आला का बसून राहतो..."

ही फीत पोरीने दरवर्षी ऐकलेली. पण त्या दिवशी तिने ती कान मशीनला लावून ऐकली, जशी काही पहिल्यांदाच. प्रत्येक खोकल्याला तिचा खांदा हलायचा. कौसल्या सांगत होती, तिला भाताची पेज नको वाटते, तिला बाहेर उन्हात बसावंसं वाटतं, पोरीला अंगावर पाजू नको म्हणतात म्हणून ती रडते. हे सगळं मी कितीदा ऐकलं होतं आणि किती वेळा कागदावर उतरवलं होतं, आणि तरी मी त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकलं. मग तान्हं मूल रडायला लागलं.

"थांब वं पुष्पे, आलीच मी!"

पुष्पा ओरडली नाही, टाळ्या पिटल्या नाहीत. पावलांचा आवाज झाला आणि खरखर सुरू झाली. इथे काही उरत नाही म्हणून मी नेहमी बटण दाबायची, सेल वाचवायला. सवयीने माझा हात पुढे गेला.

पोरीने माझं मनगट धरलं. "राहू द्या बाई. आलीच म्हनते थे."

मी हात मागे घेतला. फीत फिरत राहिली. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. साहेब अंगणात मान खाली घालून बसले होते. कोंबड्या तणसात उकरत होत्या. आम्ही सगळे त्या खरखरीकडे कान लावून बसलो होतो, मीसुद्धा, जशी काही कोणी खरंच परत येणार होतं. फीत संपली. तिचं टोक सुटून चाकाबरोबर फटफट वाजायला लागलं, तरी पोरगी हलेना.

मग तिने मान वळवली. गिरजा अजून चौकटीलाच धरून उभी होती. जवळ यायची तिला हिंमत होत नव्हती.

पुष्पा तिच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "उभी काहून आहेस? ये ना वं, माय."

गिरजा आली आणि तिच्याजवळ बसली. मी मशीन बंद केलं.